कुणाचा रियाल?

सौदीला जायच्या आधी शिंदखेड्याच्या घरी ओट्यावर बसून मी गुणाकार केला होता. पगार पंधराशे रियाल. गल्लीतले एक भाऊ ओमानमध्ये, मस्कतला गाडी चालवायचे. रियालचे दोनशेच्या वर रुपये होतात, हे त्यांच्याकडून ऐकलेलं. म्हणजे महिन्याला तीन लाख. वडील, म्हणजे नाना, शाळेत शिपाई होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी मला तो गुणाकार पुन्हा करायला लावला. पुन्हा तेच उत्तर आलं. 'कुणाचा रियाल?' असं एजंटला विचारावं लागतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

पहिल्या पगाराला पैसे पाठवायच्या खिडकीवर उभा राहिलो. आतला माणूस केरळचा होता. त्याने रियालला तेवीस रुपयेही धरले नव्हते. मला वाटलं, एक शून्य राहिलं.

"भाव चुकलाय," मी म्हणालो.

"तुम ओमान का सोच रहे हो," तो म्हणाला. "ये सौदी का रियाल है. नाम एक, पैसा अलग."

मागे रांग होती. मी बाजूला झालो.

परत जावंसं वाटलं, पण जाणार कसं? करार दोन वर्षांचा, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, एजंटला दिलेले पैसे गेल्यातच जमा. एका खोलीत आम्ही सहा जण, आणि फाटकाबाहेर नजर जाईल तिथवर वाळू. घरी खरं सांगायची लाज वाटली. सुरुवातीला पगारातून कापून घेतात, असं नानांना सांगितलं. पुढच्या महिन्यातही तेच सांगितलं.

आठव्या महिन्यात नाना फोनवर म्हणाले, धुळ्याला देवपुरात प्लॉटचा इसार देऊन आलो. तेव्हा मात्र सांगावंच लागलं.

"नाना, सौदीचा रियाल वेगळा आणि ओमानचा वेगळा. त्यांच्या एका रियालात आमचे नऊ-दहा येतात."

ते म्हणाले, "रियाल म्हंजे रियाल शे. त्याना येगळा नि तुना येगळा, असं कुठे ऱ्हास का?"

"रुपया नेपाळचाही असतोच ना."

"नेपाळनं राहू दे. बाकीना पैसा कोठे जास, ते सांग."

तो पैसा मी चाळीसगावला, सासरी पाठवतो, असं त्यांच्या मनाने घेतलं. ते माझ्या बायकोला येता-जाता टोचून बोलू लागले. मी अर्धवट बांधलेल्या इमारतीत वायरिंग करत असायचो. जेवणाच्या सुट्टीत आधी तिचा फोन यायचा, मग त्यांचा. दोघांचंही ऐकून घ्यायचो आणि पुन्हा शिडीवर चढायचो. दोन महिन्यांनी ती माहेरी निघून गेली. मला जागचं हलताही येत नव्हतं.

मग मस्कतचे भाऊ सुट्टीवर आले. नाना माझी तक्रार घेऊनच त्यांच्याकडे गेले. भाऊंनी त्यांना बसवलं आणि मोबाइलवर दोन्ही देशांचे भाव एकाखाली एक काढून दाखवले.

"आमच्या रियालचे हजार बैसा होतात, नाना. सौदीत शंभर हलाला. नाव तेवढं सारखं. तुमचा मुलगा खरं सांगतोय."

नानांनी ते आकडे दोनदा वाचले आणि चहा तसाच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी ते बसने धुळ्याला आणि तिथून रेल्वेने चाळीसगावला गेले. पुढचं मला बायकोने सांगितलं. तिच्या वडिलांसमोर ते जाऊन बसले. मग म्हणाले, "हिसाब मना चुकना. सूनबाईले घर धाडा."

हिशेब माझा चुकला होता. तो त्यांनी स्वतःवर घेतला, आणि एवढ्या लांबून, फोनवर, त्यांना ते बोलून दाखवणं मला जमलं नाही.

ती त्यांच्याबरोबर घरी आली. इसार बुडाला. करारातलं एक वर्ष अजून बाकी होतं, ते मी तिथेच काढलं. त्या वर्षात नानांनी पगाराचा विषय काढला नाही. तिकडे ऊन किती आहे, एवढं विचारायचे. मी सांगायचो. मग दोघांपैकी कुणीच फोन ठेवायचं नाही.