भूपेंद्रचं ऑपरेशन

मंदाबाई चोपडा तालुक्यातल्या एका गावात आशा कार्यकर्ती आहेत. बारा वर्षांत त्यांनी गावातल्या बाळंतपणाच्या नोंदी तर ठेवल्याच, पण बायका सासूसमोर जे विचारू शकत नाहीत तेही त्यांनी ऐकून घेतलं.

दिपमाला अशीच एकदा आली. तिला दोन मुलं, धाकटं दीड वर्षाचं. तांबी बसवली तर फार रक्त जायचं, म्हणून काढावी लागली. गोळ्या चालू होत्या, पण कापूस वेचणीच्या दिवसांत तीनचार राहून गेल्या. पाळी नऊ दिवस लांबली होती.

मंदाबाईंनी तपासणीची पट्टी दिली. एकच रेघ उमटली, म्हणजे दिवस राहिले नव्हते. सुटल्यासारखं होऊन दिपमाला खाली बसून रडायला लागली. हिमोग्लोबिन आठ होतं; तिसरं मूल दोघांनाही नको होतं.

"आता माझंच ऑपरेशन करून टाका, अक्का."

"तुझ्या अंगात रक्त नाही. आधी भूपेंद्रशी बोलू दे."

दिपमालाचा नवरा भूपेंद्र केळीचे घड ट्रकमध्ये भरायचा. मंदाबाईंनी त्याला ओट्यावर बसवून सांगितलं, की पुरुषाच्या ऑपरेशनला पोट उघडावं लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी येतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अक्का, तुमना घरमा कोनी करेल शे का?"

त्याची आई पुष्पाबाई दारात उभी होती. "मन्हा पोऱ्याले कमजोरी उनी ते घड कोन उचली?"

"आमच्या घरात माझंच झालंय," मंदाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

संध्याकाळी जेवताना त्यांनी नवऱ्याला, रुपचंदला विचारलं, "त्या वेळी तुम्ही केलं असतं का हो ऑपरेशन?"

रुपचंद म्हणाला, "माहीत नाही. पण तू माले इचारंच नही."

ते खरं होतं. दुसऱ्या बाळंतपणानंतर त्या सासूबरोबर दवाखान्यात जाऊन ऑपरेशन करून आल्या होत्या. नवऱ्याला विचारायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. दुसऱ्यांना सल्ला देताना ही गोष्ट त्यांना कधी खुपली नव्हती. त्या दिवशी खुपली.

दोन दिवसांनी रुपचंद स्वतःच भूपेंद्रला मोटारसायकलवर बसवून ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेला. "नुसतं डॉक्टरला विचारू," एवढंच ठरलं होतं. भूपेंद्रने डॉक्टरला कमजोरीचं विचारलं, रात्रीचंही विचारलं. दोन्हींत काही फरक पडत नाही, हे ऐकल्यावर त्याने पुढच्या आठवड्याची तारीख घेतली.

ऑपरेशनला अर्धा तासही लागला नाही. दोन दिवस विश्रांती, आठवडाभर जड उचलायचं नाही. भूपेंद्र दहाव्या दिवशी ट्रकवर गेला. मंदाबाईंनी मात्र त्याचा पिच्छा सोडला नाही. "ऑपरेशन झालं म्हणजे लगेच मोकळं नाही. तीन महिने निरोध वापरायचा, मग तपासणी." तपासणीला जायला तो लाजत होता. त्या तीनदा घरी गेल्या, तेव्हा कुठे गेला. अहवाल चांगला आला.

दिपमालाने गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्या. लोहाच्या गोळ्या चालूच आहेत; हिमोग्लोबिन साडेदहावर आलंय.

पुष्पाबाई अजून मंदाबाईंशी बोलत नाहीत. मंदाबाई धाकट्याच्या लसीची तारीख सांगायला जातात तेव्हा दिपमाला त्यांना मागच्या दारी खाट टाकून देते, आणि भूपेंद्र घरी असला तर चहा तोच आणून देतो.