मायच्या आजाराचं नाव

डॉक्टरांनी मायला हात लावला नाही. डोळे तपासायचे होते, तर मला म्हणाले, "तूच पापणी ओढून दाखव." मी ओढली. त्यांनी खुर्चीतूनच पाहिलं. मग बाबांना विचारलं, "जात?"

"बौद्ध."

"ते झालं. आधीची?"

बाबांनी मान खाली घालून सांगितली. डॉक्टरांनी कागदावर दोन ओळी खरडल्या. कागद घ्यायला मी हात पुढे केला होता. त्यांनी तो टेबलाच्या कडेवरून खाली सोडला. मी वाकले आणि फरशीवरून उचलला.

"साहेब, मायले झालं तरी काय?"

"तुला सांगून समजणार आहे का? रोज एक गोळी द्या. निघा."

मी तेव्हा अकरावीत होते. आमच्या पुऱ्यात, म्हणजे वस्तीत, इतकी शिकलेली पहिलीच पोरगी. शाळेत मास्तरांना उलट प्रश्न विचारायची माझी ख्याती होती. पण अमरावतीच्या त्या मोठ्या दवाखान्यात मी "बरं साहेब" म्हणाले आणि बाहेर आले. त्या "बरं साहेब"ची लाज मला अजून वाटते.

आमचं गाव वलगावच्या पुढे. माय कापूस वेचायला जायची. त्या हंगामात तिला कपाशीच्या पऱ्हाटीतून कोणीतरी बोलताना ऐकू यायला लागलं. भाकरीत काहीतरी कालवलंय म्हणून ती जेवेना. झोपेना. गावाला कारण लगेच सापडलं. आम्ही बौद्ध झालो तेव्हा बाबांनी देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे देवांचे छाप असलेले ते लहान पत्रे, स्वतःच्या हातानं पेढी नदीत सोडले होते. ज्या वावरात माय वेचायची त्याची मालकीण सगळ्या बायांसमोर म्हणाली, "देव फेकले ना मोठ्या तोऱ्यानं? मंग भोगा आता."

गोळ्यांनी फरक पडला. तीनेक आठवड्यांत माय पोटभर जेवायला लागली. एक दिवस तिनं मला पुढ्यात बसवून वेणी घातली. पण हात थरथरायचे. भाकरी थापताना पीठ काठवटीबाहेर सांडायचं. तोंड सदा कोरडं, चालणं ताठ. मला वाटलं, आजार गेला आणि आता गोळीच अंगात भिनून त्रास देते आहे. ताप उतरला की आपण गोळी थांबवतो, तसंच हे असणार. विचारायचं कोणाला? उरलेल्या गोळ्या मी डब्यात घालून फळीवर ठेवून दिल्या. हे मी केलं. बाबांनी नाही, गावानंही नाही.

थरथर थांबली. माय कामावर गेली. तेव्हा आत्यानं, बाबांच्या बहिणीनं, ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून एक टाक बाहेर काढला. नदीवर जायच्या दिवशी तिनं तो लपवला होता. तेव्हापासून चोरून हळदकुंकू वाहत होती.

"गोयीनं काय होते, भाऊ? हे देवीनं केलं."

देव नदीत सोडताना बाबांची पापणी लवली नव्हती. त्या एका टाकापुढे ते ढसाढसा रडले. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. माय बरी होती, मग कशाला बोला.

दीड महिन्यानं माय वावरातून ओरडत धावत सुटली. मालकिणीच्या गड्यांनी तिला पकडून बैलाच्या दाव्यानं लिंबाला बांधलं. मी पोचले तेव्हा तिची मनगटं सोलून निघाली होती. पोट्टे खडे मारत होते, मोठी माणसं हसत होती. माय भ्रमात असती तर बरं झालं असतं. तिनं मला ओळखलं. म्हणाली, "पोरी, पाणी पाज. अन् मले सोड."

पुन्हा अमरावती. आम्ही वऱ्हांड्यात जमिनीवर बसलो. आमच्या आधी एका वकिलाची बायको नवऱ्याबरोबर आत गेली. दार अर्धं उघडं होतं. डॉक्टरांचा आवाज ओळखू येईना, इतका मऊ.

"वहिनी, याला स्किझोफ्रेनिया म्हणतात. मेंदूचा आजार आहे, तुमचा काही दोष नाही. ऐकू येणारे आवाज या गोळीनं कमी होतील. तोंड कोरडं पडेल, हात थरथरतील. घाबरू नका, त्यावर दुसरी गोळी आहे. फक्त एक करा. बरं वाटलं तरी मी सांगितल्याशिवाय बंद करू नका. बंद केली की आजार उलटतो."

माझे कान तापले. म्हणजे त्यांना सांगता येत होतं. साध्या मराठीत, दोन मिनिटांत. मायला लिंबाला बांधलेली पाहिल्यापासून मी स्वतःला खात होते. त्या दिवशी पहिल्यांदा माझा राग माझ्यावरून उठला आणि जिथं जायला हवा होता तिथं गेला.

आमची पाळी आली. उरलेल्या गोळ्यांचा डबा मी टेबलावर ठेवला. "गोळ्या कोणी बंद केल्या?"

"मी."

"अडाणी लोक!" कागद खरडला. खाली सोडला. बाबा वाकायला लागले. मी त्यांचा दंड धरला.

"उचलू नका, बाबा." मग डॉक्टरांकडे वळले. "साहेब, कागद हातात द्या. अन् आता त्या बाईले जे सांगतलं ते माह्या मायले सांगा. तिच्याकडं पाहून सांगा."

"आवाज कोणापुढे चढवतेस?"

"मी अडाणी नव्हती. तुमी मले अडाणी ठेवलं."

कंपाउंडर दारात आला. रांगेतली माणसं उठून पाहायला लागली. मी हलले नाही. शेवटी डॉक्टर उठले, कागद उचलला आणि टेबलावर ठेवला. हातात दिलाच नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत घाईघाईनं सगळं सांगितलं. मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. आजाराचं नाव दोनदा विचारलं. गोळीचंही.

तेव्हा माय पुढे सरकली. म्हणाली, "म्हंजे हा आजार हाय? माह्यावर कोनी कोपलं नाई?"

डॉक्टरांनी त्या दिवशी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "नाही."

"मंग पयलेच सांगा लागत होतं, साहेब." तिनं मनगटं पुढे केली. "हे बांधाच्या आधी."

त्या आठवड्यात बाबांनी कणगीतला टाक पेढीत सोडला. आत्या कित्येक दिवस आमच्याशी बोलली नाही. माय पूर्ण बरी झाली नाही. अजून कधीकधी आवाज येतात. मनगटांवरचे वण आहेत. मालकिणीनं तिला पुन्हा वावरात पाय ठेवू दिला नाही.

आज मी अकोल्यात एका दवाखान्यात नर्स आहे. कागद इथंही फेकले जातात. काहींना बसवून सांगतात, काहींना हाकलतात. फेकलेला कागद मी उचलत नाही, आणि आजाराचं नाव, गोळीचं नाव, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही हे सांगितल्याशिवाय कोणाच्या हातावर गोळी ठेवत नाही. समोरच्याला वाचता येत नसेल तर त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेते. मोठ्या डॉक्टरांनी मला दोन वेळा बोलावून समज दिली. तिसऱ्यांदा नोकरी जाईल म्हणाले. "सिस्टर, तुमच्यामुळे रांग खोळंबते."

खोळंबू दे. माझी माय लिंबाला बांधलेली होती, तेव्हा कोणाची रांग खोळंबली नव्हती.