बिडी सुटली, गूळ लागला

पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या डाव्या घोट्याजवळ दोन बोटं टेकवली, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच बसले. मग उजव्या पायाला तसंच केलं. हात धुऊन आले आणि म्हणाले, "याला बर्जर्स डिसीज म्हणतात. बिडीमुळे पायाच्या रक्तवाहिन्या आतून बंद होत जातात. तुमच्या डाव्या पायाला नाडीच लागत नाही. अंगठ्याला गँग्रीन झालंय."

गँग्रीन म्हणजे रक्त पोचत नाही म्हणून मांस मरतं. अंगठा महिनाभर काळा पडत चालला होता, तो कशाने ते आत्ता कळलं. तो कापावा लागेल, हेही त्यांनी त्याच आवाजात सांगितलं. मी 'बरं' म्हणालो. शेजारी माझी बायको हौसा बसली होती, तीही 'बरं' म्हणाली. दुसऱ्याच कुणाच्या पायाबद्दल बोलणं चाललंय असं मला वाटत होतं.

आणे जाऊन नवे पैसे सुरू झाले त्याच्या, म्हणजे सत्तावन्न सालच्या, आसपासची ही गोष्ट. मी तेव्हा मुळशी तालुक्यात देवीची लस टोचत फिरायचो. सरकारी कागदावर लसटोचक, लोकांच्या तोंडी देवीडाक्टर. राहायला पौडात, आणि हद्द भुकूमपासून कोळवणच्या खोऱ्यापर्यंत, वरच्या धनगरवाड्यांसकट. सगळी पायी. पाय गेला तर नोकरी गेली, आणि दुसरं काही मला येत नव्हतं.

बिडी या नोकरीनेच वाढवली. मी गावात शिरलो की घरातला म्हातारा मला ओट्यावर बसवून बिडी पुढे करायचा. ती संपेपर्यंत पोरं मागच्या दाराने रानात पसार. मला ते कळायचं. तरी ओढायचो, कारण बिडी फुकटची होती आणि पोरं काही कुठे पळून जाणार नव्हती. शिवाय खिशातली दोन बंडलं रोजची.

पहिलं लक्षण वर्षभर आधी आलं होतं. चढाला लागलं की पोटरी आवळायची, दगडावर टेकलं की पाच मिनिटांत सुटायची. इंटरमिटंट क्लॉडिकेशन असं त्याचं नाव. चालताना स्नायूला रक्त जास्त लागतं, ते मिळत नाही, म्हणून तो आवळतो. मी दगडावर टेकलो की विसावा म्हणून बिडी पेटवायचो. गावोगाव लोकांना रोगावर भाषणं देणारा माणूस मी. तुमच्यापैकी कुणाची पोटरी अशी चालता चालता आवळत असेल तर माझ्यासारखा शहाणपणा करू नका, लगेच दाखवा.

पुण्याच्या त्या दवाखान्यात अठरा दिवस होतो. अंगठा काढला तो दिवस मला नीट आठवत नाही. आठवतं ते वॉर्डाचं छत, फिनेलचा वास आणि सकाळी पट्टी बदलायला येणाऱ्या ढकलगाडीचा आवाज. हौसा जमिनीवर बसून असायची.

शेजारच्या खाटेवर माझाच रोग झालेला एक गृहस्थ होता. त्याचे दोन्ही पाय गुडघ्याखाली नव्हते. नर्स पलीकडे गेली की तो उशीखालून बिडी काढायचा. एकदा मला म्हणाला, "एक पाय गेला तेव्हाच सोडायची होती. आता कशासाठी सोडू?" मला त्याची कीव आली नाही, भीतीही वाटली नाही. मी फक्त त्या दिवशी त्याच्याकडे बिडी मागितली नाही. दुसऱ्या दिवशीही मागितली नाही. निश्चय वगैरे म्हणतात तसं माझ्या बाबतीत काही घडलं नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, पुन्हा बिडी ओढलीत तर अख्खा डावा पाय जाईल, आणि नंतर उजवा. दोन, बिडी सुटली की भूक वाढते, तोंडाला चव येते, तेव्हा वजन सांभाळा, दर महिन्याला काट्यावर उभे राहा. पहिली गोष्ट मी ऐकली. दुसरी या कानाने घेतली आणि त्या कानाने सोडून दिली. वजन वाढणं ही तक्रार असू शकते, हेच मला नवीन होतं.

दोन महिन्यांनी लंगडत का होईना, कामावर गेलो. सुरुवातीला जवळची गावं. माझ्या अंगठ्याची बातमी माझ्या आधी पोचलेली होती. बिडी पुढे करणाऱ्या म्हाताऱ्यांनी हात मागे घेतले, पण पाहुण्याला कोरडं कसं धाडायचं? एका घरातली म्हातारी म्हणाली, "बिडी न्हाई तर ऱ्हाऊ द्या, पर गूळ तरी खावा. रिकाम्या तोंडानं जाऊ नगा." मग प्रत्येक घरी गूळ-शेंगदाणे. गाय व्यालेली असली तर खरवस. धनगरवाड्यावर तर दुधाचा तांब्या संपल्याशिवाय उठू देत नसत.

आणि मला ते हवंच होतं. हात सारखा खिशाकडे जायचा, तोंड रिकामं राहिलं की डोकं भणभणायचं. आंबेमोहर शिजताना घरभर वास सुटतो हे मी विसरूनच गेलो होतो. ताटात भात तिसऱ्यांदा घ्यायला लागलो. हौसा वाढत राहायची.

लोक म्हणायचे, डाक्टरनी बाळसं धरलं. मला बरं वाटायचं. आमच्याकडे वाळलेला माणूस आजारी आणि भरलेला माणूस बरा, हे लहान पोरालाही ठाऊक. सहा महिन्यांनी सदऱ्याची बटणं लागेनात तेव्हा पौडातल्या भाताच्या वखारीत गेलो आणि पोती जोखायच्या काट्यावर उभा राहिलो. दवाखान्यातून निघताना एक मण एकवीस शेर होतो, आता एक मण चौतीस शेर भरलो, म्हणजे आजच्या हिशेबाने बारा किलो जास्त. वखारवाला खूश झाला. "लई झ्याक तब्येत झाली बगा," म्हणाला.

त्याच आठवड्यात कोळवणच्या रस्त्यावर उजवी पोटरी दुखली. चांगली पोटरी. मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस काय म्हणाला होता ते आठवलं. बिडी सोडूनही रोग पलीकडच्या पायात गेला असेल, तर इतके दिवस कशासाठी काढले? वर हे पोट. बिडी ओढत होतो तेव्हा निदान सडपातळ तरी होतो. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या एसटीत बसण्याआधी मी एक बंडल विकत घेतलं. फोडलं नाही. खिशात ठेवलं.

डॉक्टरांनी पुन्हा बोटं टेकवली. या वेळी लवकर डोळे उघडले. "उजव्या पायाची नाडी चांगली आहे," ते म्हणाले. "रोग इकडे आलेला नाही. डावा पाय जपता म्हणून सगळा भार उजव्यावर पडतो आणि तो भार तुम्ही तेरा शेरांनी वाढवलाय."

मी विचारून टाकलं, "दिवसाला दोनच ओढल्या तर? पोट उतरेल."

"पोट वाढलं तर उतरवता येतं," ते म्हणाले. "पाय कापला तर उगवत नाही. उद्या या दोन्हींतलं एकच जमतंय असं झालं, तर पोट राहू दे, पण बिडी नको."

मी बंडल काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी ते खणात टाकलं. फेकण्यासाठी की स्वतःसाठी, ते मी विचारलं नाही.

पुढे काय केलं ते सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल. हौसाने भाताला एक वाटी ठरवली आणि रात्री नाचणीची भाकरी सुरू केली. तोंड चाळवलं की मी भाजलेले चिंचोके गालात धरायचो. एक चिंचोका मैलभर पुरतो आणि अंगाला काही लागत नाही. चालायचं ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, पोटरी आवळेपर्यंत, मग थांबायचं, मग परत. घरोघरच्या गुळाला नाही म्हणणं जमेना, म्हणून तो खडा मी नुकत्याच टोचलेल्या पोराच्या हातावर ठेवायला लागलो. लवकरच पोरं लपायची कमी झाली. काही तर दुसऱ्यांदा दंड पुढे करायची, त्यांना हाकलावं लागे.

दोन वर्षांत नऊ शेर उतरलो. चार राहिले ते राहिलेच. बिडीची आठवण रोज यायची, अजूनही येते. अंगठ्याच्या जागी हात लावला तर काही कळत नाही. त्या दिवसांत इतर बाबतींतही माझं तसंच होतं. हसणं, चिडणं सगळं लांबून चालल्यासारखं. काम करायचो, जेवायचो, झोपायचो.

दोन वर्षांनंतरच्या तपासणीला हौसा बरोबर आली होती. दोन्ही पाय शाबूत राहतील, असं डॉक्टर म्हणाले. कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणी तंबाखू वापरतं?"

"ही मिश्री लावते," मी म्हणालो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, आमच्याकडच्या बायका दातांना लावतात. हौसा लहानपणापासून लावायची, दिवसातून चार वेळा.

"लावत व्हते," हौसा खाली बघत म्हणाली. "ह्यास्नी घरी आनलं त्या दिशी डबी चुलीत टाकली. म्या लावली असती तर ह्यास्नी बिडी कशी सुटली असती?"

डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं. "त्रास झाला असेल."

"पयला महिना डोकं फुटायचं. हात थरथरायचं. मग ऱ्हायलं."

दोन वर्षं मी तिच्या हातचं तिसऱ्यांदा वाढून घेतलं, नंतर वाटीभर घेतलं, आणि तिचे हात थरथरताना मला दिसले नाहीत. तालुकाभर मला शाबासकी मिळाली होती. तिला कुणी गुळाचा खडा दिला नव्हता.

"मला बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तुमचंच दुखनं घरात मावंना," ती म्हणाली. "त्यात माजं कुटं ठिवू?"

मला लाज वाटली. अंगठा गेल्यापासून इतकं स्पष्ट काही वाटायची ती पहिलीच वेळ होती. डॉक्टरांनी तिला वजनाच्या काट्यावर उभं राहायला सांगितलं. तिने वहाणा काढल्या, आणि त्या मी हातात घेऊन उभा राहिलो.