टिकली कोण लावतं?

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याला, कुणी नुसतं ‘बरे आहात ना’ विचारलं तरी त्यांच्या मनात पाल चुकचुकते. याने आजच का विचारलं? त्यांचं फ्रेमचं दुकान आहे. मी ज्या गॅलरीत पुढच्या टेबलावर बसते, तिथली बहुतेक चित्रं त्यांच्याच हातून जातात. हातून म्हणजे पाठीकडून. चित्र पालथं घालायचं, चौकटीत बसवायचं, मागून बारीक खिळे मारायचे. चित्राचं तोंड ते बघतच नाहीत. बघतात ते चार कोपरे.

आमच्याकडे चित्र विकलं गेलं की शेजारी भिंतीवर लाल टिकली लागते. कागदी, चिकटणारी. टिकल्या माझ्या खणात असतात. मी लावते किंवा मालक लावतात. पण टिकली लागलेली काही चित्रं पुढे भाऊजींच्याच दुकानात फ्रेम बदलायला येतात आणि दुसऱ्या शहरात नवीन म्हणून टांगली जातात. मागचे खिळे आपलेच आहेत, हे त्यांनी एकदा ओळखलं आणि माझी धडगत राहिली नाही.

“हे विकलं होतं ना गं?”

“मला काय ठाऊक. मालक म्हणाले लाव, मी लावली.”

“आणि मालकाला कोण म्हणतं?”

हा त्यांचा लाडका प्रश्न. कुणाचं चित्र थोर आणि कुणाचं भिकार, हे ठरवतं कोण? मालक समीक्षकाच्या तोंडाकडे बघतात. समीक्षक बघतो श्रीमंतांनी काय घेतलं. श्रीमंत एकमेकांच्या भिंती बघतात. आणि सगळे मिळून बघतात टिकली. “चित्र कुणी बघतच नाही,” भाऊजी म्हणायचे, “कुठंतरी पाणी मुरतंय. वर कुणीतरी बसून दोऱ्या ओढतोय.” मी म्हणायचे, “तुम्ही तरी कुठे बघता चित्र?” मग ते काच पुसायला घ्यायचे.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग त्यांच्या जावयाचं प्रदर्शन आमच्याकडे ठरलं. त्याने शाळेतली नोकरी सोडून नुसती चित्रं काढली होती. यातलं एकही गेलं नाही तर रंग कायमचे बंद, असं त्याने माझ्या भाचीला सांगितलं होतं, आणि ती ते सांगताना आमच्यासमोर रडली होती. ‘रिकामटेकडा’ म्हणून त्याला नावं ठेवणाऱ्या भाऊजींनी मुकाट्याने माळ्यावरची जपून ठेवलेली लाकडी पट्टी काढली आणि सगळ्या फ्रेमा स्वतः बनवल्या.

पहिल्या संध्याकाळी गर्दी झाली, पण टिकली एकही नाही. लोक हातात पेले घेऊन, भिंतीकडे पाठ करून गप्पा मारत होते. भाऊजी माझ्या टेबलापाशी घुटमळत होते, जावई कोपऱ्यात उभा होता. त्याच्याकडे माझ्याने बघवेना. दाराजवळ वाळत घातलेल्या चादरींचं मोठं चित्र होतं. त्याच्यासमोर छत्रीवाल्या एक बाई बराच वेळ उभ्या होत्या. त्या माझ्याकडे आल्या. “मला हे हवंय. आमचे हे खाली गाडी लावताहेत, त्यांना घेऊन आलेच.” इतका आनंद झाला की मी त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेले, आणि मग वाटेत कुणीतरी मला बोलण्यात अडकवलं.

बाई नवऱ्याला घेऊन परत आल्या, तर चादरींच्या शेजारी लाल टिकली. “गेलं वाटतं,” त्या म्हणाल्या. मालक चित्राजवळच उभे होते. मला वाटलं, त्यांनीच लावली. चारचौघांत टिकलीबद्दल विचारायचं नाही, हा आमच्या नोकरीतला पहिला धडा. मी म्हटलं, “हो, गेलं.” बाईंनी दुसऱ्या चित्रांकडे ढुंकूनही बघितलं नाही.

पण त्या टिकलीने कमाल केली. आधी समीक्षक तिथे जाऊन थांबला, मग त्याच्या मागे बाकीचे. गॅलरी बंद व्हायच्या आत अर्ध्या चित्रांना टिकल्या लागल्या, आणि त्या खऱ्या होत्या.

प्रदर्शन संपलं, तरी चादरी न्यायला कुणी आलं नाही. टिकली मी लावली असं मालकांना वाटत होतं आणि मालकांनी लावली असं मला. शेवटी मालकांनी नेहमीसारखं चित्र फ्रेम बदलायला पाठवलं. जावयाला सांगितलं, घेणाऱ्याला आपलं नाव उघड करायचं नाही. मी तडक भाऊजींचं दुकान गाठलं.

तिथे जावई बसला होता. “बाबा, बाकीच्यांनी टिकली बघून घेतलं, एवढं मला कळतं,” तो म्हणत होता. “पण त्या पहिल्याने नुसतं चित्र बघितलं. तो एक माणूस मला पुरे आहे.”

भाऊजी ‘हूं’ म्हणाले. चित्र आतल्या खोलीत पालथं पडलेलं होतं. जावई गेल्यावर त्यांनी ते बाहेर आणलं, भिंतीला टेकवलं आणि समोर बसले. सगळ्या चादरी बघितल्या, वारा भरलेल्या, एक अर्धी निसटलेली. इतका वेळ ते कधी कशाकडे बघत नाहीत.

“टिकली मी लावली,” ते म्हणाले. “तू जिन्यात होतीस. हे दाराजवळ होतं, म्हणून ह्याला.” मग हळूच म्हणाले, “नसती लावली, तर कुणी घेतलं असतं का गं?”

या प्रश्नात संशय नव्हता. मी छत्रीवाल्या बाईंबद्दल सगळं सांगून टाकलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, कोपरे बघतात तसं. “हे तुला मालकाने सांगायला लावलं.”

“नाही हो, भाऊजी.”

“मग कुणी?” ते म्हणाले, आणि चित्र पुन्हा पालथं घातलं.