बाथरूममधली नदी

आवाजवाल्या काकांनी आयुष्यभर निसर्ग घडवला, तोही बाथरूममध्ये. माहितीपटात पाखरांचा थवा उडतो ना, तो आवाज म्हणजे काकांनी फडफडवलेले रबरी हातमोजे. वणवा पेटतो, ती काकांच्या मुठीतली चुरगळलेली प्लास्टिकची पिशवी. लोक ऐकून गहिवरतात, बिचारे!

यंदा काम आलं व्हिडिओ गेमचं. पाणी जपून वापरलं की नदी वाहते, उधळलं की आटते. कंपनीची मॅडम काकांच्या मुलीच्या वयाची. तिने काकांच्या तीन नद्या नापास केल्या. चौथी काकांनी खऱ्या नदीकाठी चिखल तुडवून आणली, तर म्हणते कशी, "ही खोटी वाटते हो!" दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर आवाज संगणक बनवणार होता आणि काकांना कायमचं घरी बसवणार होता.

सकाळीच त्यांनी बाथरूम अडवलं. टबात दगड मांडले, नळ पूर्ण सोडला, वरून बादल्यांवर बादल्या ओतल्या. पाणी वाचवा सांगणाऱ्या खेळापायी दुपारपर्यंत अख्ख्या इमारतीची टाकी खडखडीत! नळ खोकला, गुरगुरला, नुसती हवा सोडून गप्प झाला.

बाथरूममध्ये नदी असल्यामुळे काकू स्वयंपाकघरातल्या सिंकवर डोकं धूत होत्या. त्या तशाच फेसाळ डोक्याने दारावर धडकल्या. "अहो, पाणी गेलं! डोळ्यांत साबण गेलाय माझ्या! आग लागो त्या नदीला!"

माइक चालूच होता. घाईगडबडीत काकांनी सगळं न कापताच पाठवून दिलं आणि मग कपाळावर हात मारला.

तासाभरात मॅडमचा फोन. "काका, नदी ठीक आहे. पण ते शेवटचं! अंगावर काटा आला. नदी आटली की हेच वाजवायचं, त्या बाईंसकट."

काकांचं काम वाचलं. काकू आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

सुट्टीत नात आली. काकांनी मोठ्या अभिमानाने तिला तो खेळ लावून दिला. पोरीने पाच मिनिटांत नदी आटवली. मग पुन्हा. मग पुन्हा. दर वेळी हसून हसून लोळत होती.

काकांना राहवेना. "अगं बाई, एकदा तरी वाचव की तिला!"

"नको ना आजोबा," ती म्हणाली, "वाचवली की आजी ओरडतच नाही."