पाणबुडीतल्या खलाशांनी खाल्लेला पाव

माझा धाकटा भाऊ मिलिंद सिडनीत स्कोफिल्ड्सला राहतो. युद्धाचे व्हिडिओ बघून तो इतका तयार झालाय, की दोन्ही महायुद्धं आपल्याला न विचारता उरकली याचं त्याला वाईट वाटतं. मी सुट्टीला गेले तेव्हा समुद्र दाखवतो म्हणून त्याने मला दक्षिणेकडच्या एका चिमुकल्या गावात नेलं, आणि थेट पाणबुडीच्या संग्रहालयात उभं केलं.

तिथे पाणबुडी नव्हती. एक गंजका तुकडा होता, तोही बहुधा ट्रॅक्टरचा. बाकी सगळी मदार केन नावाच्या म्हाताऱ्या स्वयंसेवकाच्या तोंडावर. 'आर्वो'ला, म्हणजे दुपारनंतर, गर्दी नसते म्हणून त्याने सावकाश सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात ती पाणबुडी जर्मनीहून आफ्रिकेला वळसा घालून जावाला आली, तिथून इकडे. या किनाऱ्याजवळ तिने एक मालवाहू जहाज बुडवलं आणि पुढच्या फेरीत स्वतःच टॉर्पेडो लागून बुडाली. मिलिंदने टॉर्पेडोची जात दुरुस्त केली. केन 'नो वरीज' म्हणून पुढे सरकला. एका रात्री म्हणे तिचे खलाशी गुपचूप किनाऱ्यावर उतरले आणि इथल्या बेकरीतले गरम पाव खाऊन गेले. त्या गोष्टीवर बेकरी अजून चालते. पाणबुडीच्या आकाराचे पाव आम्हीही खाल्ले होते; चवीवरून ते युद्धकाळातलेच असावेत.

आमच्या मागे एक वृद्ध बाई ऐकत होत्या. त्यांचं नाव हिल्डा, मूळच्या जर्मन, राहायला ॲडलेडला. त्यांचे वडील त्याच पाणबुडीवर आचारी होते. लेकीचं तोंड बघण्याआधीच गेले. बुरशी खरवडून पाव वाढावा लागतो, हे वडिलांचं पत्रातलं दुःख आईने हिल्डांना लहानपणापासून ऐकवलं होतं.

"म्हणजे त्यांनी ताजा पाव खाल्ला होता?" त्यांनी विचारलं.

केन गडबडला. मिलिंदने तोंड उघडलं. मी त्याचा दंड घट्ट धरला.

"हो," केन म्हणाला. "भट्टीतून नुकताच काढलेला. बेकरी माझ्या आजोबांची. त्यांनी बरोबर बांधूनही दिला."

हिल्डा समोरच्या बेकरीत गेल्या आणि बाकावर बसून त्यांनी अख्खा पाव संपवला. त्या निघून गेल्यावर केनने कबूल केलं, की गोष्ट आजोबांनीच रचली होती, धंद्यासाठी.

परतताना मिलिंदने गाडी थांबवून किनारा न्याहाळला. मग म्हणाला, "ताई, तिथे सगळे खडक आहेत. रात्री होडी लागणंच शक्य नाही."

मी हो म्हटलं. त्याचं बरोबरच असणार. पण इतक्या वर्षांत ती थाप बेकरीखेरीज दुसऱ्या कुणाच्या कामी पहिल्यांदाच आली असावी.