छत्तीसपासून वर

शिवणयंत्राच्या खणात सुटी बटणे साचतात, तसे एका घरात किस्से साचत जातात. कोणते बटण कोणत्या सदऱ्याचे, हे पुढे सांगता येत नाही. पण फेकून देण्याचे धाडसही होत नाही. बरकतपुऱ्यातील आमच्या व्हरांड्यात दुपारच्या चहाला जमणाऱ्या मंडळींनी असा एक खण पुरता भरून ठेवला आहे. त्यातील एकाच धाग्यात ओवता येतील एवढी बटणे आज काढते. धागा म्हणजे माझी नात रेवा आणि डॉक्टर होण्याचा तिचा हट्ट. घरोघरी केबल टीव्ही आला, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ उघडले आणि ज्याला त्याला कम्प्युटर शिकण्याची घाई झाली, तेव्हाची ही गोष्ट.

*

आधी आमच्या घरची एक रीत सांगितली पाहिजे, म्हणजे पुढचे समजेल.

माझे वडील जामबागेतील एका शाळेत मास्तर होते. मुलाने गुणपत्रिका आणली की ती खालून वर वाचायची, असा त्यांचा नियम. म्हणजे सर्वांत कमी गुणांचा विषय पहिला. हे वाचन जेवणाआधी, सर्वांसमक्ष, ज्याचे त्याने खणखणीत आवाजात करायचे. सर्वांत जास्त गुणांचा विषय मात्र तेव्हा उच्चारायचासुद्धा नाही. तो जेवणानंतर, हातात खुबानीच्या मिठ्याची वाटी आल्यावर वाचायचा. वाळवलेले जर्दाळू भिजवून, शिजवून केलेला हा पदार्थ. हैदराबादेत कौतुकाला दुसरे काही आम्हाला सुचत नाही. रिकाम्या पोटी ऐकलेली स्तुती डोक्यात जाते, असे वडिलांचे मत होते.

शेजारचे राजेश्वरराव लहानपणी वडिलांकडे शिकवणीला येत. त्यांनाही हा नियम लागू होता. एका वर्षी त्यांनी गुणपत्रिका आणली, तर सर्व विषयांत सारखेच पस्तीस! सुरुवात कोठून करावी, हे कोणाला कळेना. वडिलांनी तो कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि म्हणाले, "या मुलाची कोणत्याच बाजूला ओढ नाही. वकील होईल."

राजेश्वररावांनी पुढे हायकोर्टात चांगले नाव काढले.

*

वडिलांची ही रीत मी माझ्या घरात चालू ठेवली. माझी सून सुनंदा हिला ती कधीच आवडली नाही. पोरीच्या घशाखाली घास उतरत नाही, असे तिचे म्हणणे. मुलगा मधुकर दोघींच्या मध्ये कधी पडला नाही. तो बँकेत नोकरीला असल्यामुळे त्याला गप्प बसण्याची सवय होती.

रेवाचा इंटरचा, म्हणजे बारावीचा, निकाल आला, तो दिवस मला स्पष्ट आठवतो. पाने वाढलेली होती. रेवा उभी राहिली आणि वाचू लागली, "फिजिक्स, एकतीस."

एकतीस म्हणजे नापास. सुनंदाने पदर डोळ्यांना लावला. मधुकर वरणाच्या वाटीत पाहू लागला. डॉक्टरकीचे नाव काढण्याचीही आता सोय उरली नव्हती, कारण फिजिक्समध्ये नापास झालेल्या मुलीला प्रवेश परीक्षेला कोण बसू देणार? रेवाने मात्र इंग्रजी वाचले, केमिस्ट्री वाचली, कागदाची घडी घातली आणि खाली बसून दुसऱ्यांदा आमटी मागून घेतली.

जेवणानंतर तिने वाटी हातात घेऊन सांगितले, "बायॉलॉजी, अठ्ठ्याण्णव."

सुनंदाचे डोळे पुन्हा भरून आले. मधुकर पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, "माई, ही एकाच मुलीची गुणपत्रिका आहे ना?"

*

फिजिक्सचा पेपर पुन्हा द्यायचा होता, म्हणून शिकवणी लावली. निवृत्त लेक्चरर होते, शिकवण्यात तरबेज. अडचण एवढीच की त्यांचा उजवा खांदा धरला होता आणि हात छातीच्या वर जात नसे. त्यामुळे ते फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहीत.

एके दिवशी त्यांनी तरफेचा धडा काढला. टेकू कोठे, भार कोठे, जोर कोठे, असे विचारले. रेवाने फळ्यावरची तरफ पाहिली नाही. तिने सरांचा हात पाहिला. तुमचा टेकूच आखडला आहे, असे सांगून तिने त्यांना भिंतीजवळ उभे केले आणि बोटांनी भिंतीवर चढत जायला लावले. रोज तास सुरू होण्याआधी सरांनी भिंत चढायची आणि मग तरफ शिकवायची, असा क्रम पडला. मी शिस्तीची बाई. मला हा प्रकार पसंत नव्हता. परंतु सर स्वतःच वेळेआधी येऊन भिंतीला लागत, तेव्हा बोलणार कोणाला?

दुसऱ्या खेपेला रेवाला फिजिक्समध्ये छत्तीस मिळाले. सर अभिनंदन करायला आले. फिजिक्स फारसे वर गेले नव्हते, पण सरांनी आमचा पंखा उभ्याउभ्या हाताने पुसून दाखवला.

*

एवढ्या गुणांवर आमच्या राज्यात कोठे नंबर लागणे शक्य नव्हते. दक्षिणेकडे एका मिशनचे मेडिकल कॉलेज होते. तेथे त्यांची स्वतःची परीक्षा आणि तिच्यानंतर मुलाखत असे, आणि मुलाखतीला फार वजन असते, असे ऐकले होते. रेवाने अर्ज केला, परीक्षाही दिली. मधुकरने तिला बजावले की हे शेवटचे. येथे झाले नाही तर मुकाट्याने कम्प्युटरचा क्लास लावायचा. ती कबूल झाली, पण त्या रात्री जेवली नाही. आमटी परत गेली, म्हणून मला समजले.

तेवढ्यात राजेश्वररावांचा पुतण्या अमीरपेठेहून आला. तेथे दर दुसऱ्या माडीवर कम्प्युटरचा क्लास उघडला होता, त्यांतला एक याचा. गळ्यात टाय, हातात गुळगुळीत पत्रके. डॉक्टर व्हायला दहा वर्षे लागतात, आमच्याकडून पोरे सहा महिन्यांत अमेरिकेला जातात, असे त्याने सुनंदाला पटवत आणले होते.

त्याच वेळी पलीकडच्या घरातून हमीदाबी बोट धरून आल्या. मटण कापताना सुरी लागली होती आणि बोट चांगलेच चिरले होते. रेवाने त्यांचा हात नळाखाली धरला, फडके दाबले, हात उंच धरायला सांगितला. मागे धपकन आवाज झाला. पुतण्या पत्रकांसकट आडवा!

रेवाने त्याचे पाय पाटावर ठेवले, टाय सैल केला आणि पुन्हा हमीदाबींच्या बोटाकडे वळली. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले. पहिले वाक्य म्हणाला ते असे, "काकू, हिला क्लासला पाठवू नका. हिला पाठवायचं तिथंच पाठवा."

*

मुलाखतीचे बोलावणे आले आणि व्हरांड्याचे कोर्ट झाले. राजेश्वरराव परीक्षक झाले. हमीदाबी बांधलेले बोट सांभाळत श्रोत्यांत बसल्या.

डॉक्टर का व्हायचे आहे, असा पहिला प्रश्न. रेवाने पाठ केल्याप्रमाणे गरिबांची सेवा वगैरे सांगितले. हमीदाबींना राहवले नाही.

"अगे बेटी, सेवा सेवा तो सबीच बोलते. तुमकू खून देखके चक्कर नै आती, इत्ता बोलो, बस."

राजेश्वररावांनी साक्षीदाराला मध्ये न बोलण्याची ताकीद दिली. मग त्यांनी खरा मुद्दा काढला. फिजिक्सविषयी कोणी विचारल्याखेरीज एक अक्षर बोलायचे नाही. आपण होऊन कबुली देणारा पक्षकार त्यांनी आयुष्यात कधी जिंकलेला पाहिला नव्हता. बोलायचे ते बायॉलॉजीपासून. अठ्ठ्याण्णव हा आकडा पहिल्या वाक्यात आला पाहिजे. मधुकरलाही ते पटले. सुनंदाने रेवाकडून चार वेळा म्हणवून घेतले.

मी चहाचे कप गोळा करू लागले. राजेश्वररावांनीच विचारले, "माई, तुम्हाला हे मान्य दिसत नाही."

मी म्हटले, "तुम्हाला निवडीचा प्रश्न कधी पडलाच नव्हता, राजेश्वरराव. तुमचे सगळेच पस्तीस होते."

काचीगुड्याहून गाडी सुटेपर्यंत सुनंदा खिडकीशी उभी राहून "बायॉलॉजी आधी, बायॉलॉजी आधी" असे सांगत होती.

*

पुढचे रेवाने मला जसे सांगितले, तसे लिहिते. बोलणे सारे इंग्रजीत झाले.

टेबलामागे तीन डॉक्टर होते. मध्ये एक वयस्क बाई, केस पांढरे, सुती साडी. जेवणाची वेळ होत आली होती आणि रेवाचे नाव सकाळच्या यादीत शेवटचे होते. बाईंनी तिची गुणपत्रिका तिच्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, याविषयी तुला काय सांगायचे आहे ते सांग.

कागद हातात, समोर वडीलधारी माणसे आणि जेवणाआधीची वेळ. रेवा उभी राहिली.

"फिजिक्स, छत्तीस," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "हे दुसऱ्या खेपेचे. पहिल्या खेपेला एकतीस होते, म्हणजे नापास."

हे कोणी विचारले नव्हते. दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांनी मान वर केली. रेवाने इंग्रजी वाचले, केमिस्ट्री वाचली, कागदाची घडी घातली आणि खाली बसली.

"आणि बायॉलॉजी?" बाईंनी विचारले.

"मॅडम, ते जेवणानंतर," रेवा म्हणाली.

आपण काय बोललो, हे तिच्या तेव्हा ध्यानात आले. बाईंनी चष्मा काढला, तिच्याकडे पाहिले, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, "मग जेवून ये." आणि उठल्या.

रेवाने कॉलेजबाहेरच्या बूथवरून घरी फोन लावला. फोन मी घेतला.

"माई, सगळं घालवलं गं. वकीलकाकांनी एवढं सांगितलं होतं. सवयीनं तोंडातून गेलं."

मी विचारले, "जेवलीस का?"

"दोन घास दहीभात."

"तेवढ्याने बायॉलॉजी वाचता येत नाही. आणखी घे, मग आत जा."

दुपारी पहिले नाव तिचेच पुकारले. गुणपत्रिका टेबलावर होती तशीच घडी घातलेली होती. कोणी उघडली नव्हती. रेवा उभी राहिली.

"बायॉलॉजी, अठ्ठ्याण्णव."

बाईंनी मान हलवली. हे असे जेवणानंतर का, असे त्यांनी विचारले. रेवाने पणजोबांची रीत सांगितली, जर्दाळूची वाटी सांगितली, ती कशी करतात तेही सांगितले. बाजूचे एक डॉक्टर दोनदा खोकले, त्यांनी पुढच्या उमेदवाराचा कागद बाईंपुढे सरकवला. बाईंनी तो पाहिला नाही.

"रात्रभर भिजवावे लागतात?"

"हो मॅडम. आणि साखर शेवटी."

"जुलैत येताना डबा भरून आण," बाई म्हणाल्या. "आमच्या हॉस्टेलची खीर खाण्यासारखी नसते."